एका वर्षाची मुदत

भगवंत खांद्यावर कुऱ्हाड घेऊन दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून येताना दिसला, तेव्हा सगळ्यांत आधी हसला तो नत्थुजी.

"आला रे आला, पुंजाजीचा भाऊ आला!" म्हातारा काठी आपटत ओरडला. "म्या सांगतलं नोतं? काठी मारून पानी तुटते का बे?"

आंब्याखाली बसलेल्या पंधरा-वीस माणसांनी माना वळवल्या. संक्रांतीची कर होती. बायकांनी फडक्यात बांधून आणलेल्या तिळाच्या पोळ्या अजून सोडल्या नव्हत्या. आणि जिच्या शेतात ही सारी मंडळी जमली होती ती पार्बताबाई बुंध्यापासून लांब, पाण्याच्या माठाशेजारी बसली होती. पाच महिन्यांपूर्वी नवरा गेलेल्या बाईनं कुठं बसावं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आपणहून ती जागा धरली होती. दिराच्या खांद्यावरचं पातं उन्हात चमकलं आणि तिनं मान उंच केली. भीतीनं नव्हे, आनंदानं. माणूस इतकं चुकू शकतं.

त्या आनंदाचं कारण कळायचं तर धामणी गावच्या माळ्यांची एक रीत सांगावी लागेल. गावरान आंबा मोठा लहरी. एक वर्ष फांद्या मोडेस्तोवर फळतो, दुसऱ्या वर्षी चक्क हात वर करतो. करीच्या दिवसापर्यंत झाडावर मोहर दिसला नाही की त्याला धाक घालायचा. शेताचा धनी बोडक्या डोक्यानं कुऱ्हाड घेऊन येणार, झाडाला आईबहिणीवरून शिव्या देणार, आज तुला ठेवत नाही म्हणून गरजणार. मंडळी 'तोडा, तोडा' करून त्याला चेव आणणार. मग घरची बाई धावत येऊन बुंध्याला पदर घालणार आणि म्हणणार, 'नका तोडू, एका वर्षाची मुदत द्या.' धनी पात्याच्या उलट बाजूनं बुंध्यावर तीन टोले हाणणार, कुऱ्हाड मातीत रोवणार, आणि पोळ्या सुटणार. झाड घाबरतं आणि पुढच्या वर्षी फळतं. फळणारच, त्याची पाळीच असते! हे पटवाऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी रीत कुणी मोडत नसे, कारण पार्बताबाईच्या पुंजाजीसारखा गरीब गाईसारखा माणूस एका वर्षाआड का होईना वाघासारखा गरजतो, हे पाहायला मजा यायची.

तो पुंजाजी श्रावणात तापानं गेला, तीन दिवसांत. यंदा आंबा कोरा होता आणि कुऱ्हाड धरायला घरात पुरुष नव्हता. धाकटा भाऊ होता, पण त्याच्याशी बोलणं तुटल्याला वर्ष होत आलं होतं. ही सत्तावन सालची गोष्ट.

पार्बताबाई तेरा वर्षांची होऊन या घरात आली तेव्हा भगवंत चार वर्षांचा होता. सासू त्याच्या बाळंतपणातच गेलेली. म्हणजे लग्न लागलं ते नवऱ्याशी, पण पदराला लागला तो दीर. आंब्याच्या दिवसांत तो तिच्यापुढे उकिडवा बसायचा. पाडाचा आंबा घेऊन ती दोन्ही हातांच्या बोटांनी चहूकडून हळूहळू दाबायची, आत रस मोकळा झाला की देठ काढून पहिला चीक जमिनीवर सांडायची आणि मग आंबा त्याच्या तोंडाला लावायची. आठ वर्षांचा घोडा झाला तरी त्याला स्वतःला ते जमत नव्हतं. जोर लावून साल फोडायचा आणि अंगभर रस करून घ्यायचा. "तुह्या हातात दम लय हाये बाबू, धीर नाई," ती म्हणायची आणि दुसरा आंबा घ्यायची.

पुढे तिला एक लेक झाली, ती बार्शीटाकळीला दिली. भगवंताचंही लग्न झालं, इंदूबाई आली, आणि वाटणी झाली. धुरा नेमका आंब्याला चिकटून गेला. झाड पुंजाजीच्या बाजूला राहिलं, सावली भगवंताच्या. परतवाड्याच्या रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन कोसांत तेवढी एकच सावली होती. गाड्या तिथं सुटायच्या, कपाशी वेचणाऱ्या बाया आपली लेकरं तिथं निजवायच्या, पार्बताबाईचा माठ उन्हाळाभर तिथं भरलेला असायचा. पण भगवंतानं उत्तरेच्या वाट्यात संत्र्याची दीडशे कलमं लावली, आणि बाकीची जोमानं वाढत असताना सावलीतली अठरा तेवढी पिवळी आणि काडीसारखी राहिली. अठरा कलमांनी कुणी भिकेला लागत नाही. मात्र त्याचे साळे यायचे ते आधी त्या अठरांपाशी जाऊन उभे राहायचे. "दाजी, भावाले आंबा भेटला अन् तुमाले आंब्याचा अंधार!" म्हणून खिदळायचे. माणूस तोटा सोसतो, हसणं सोसत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्यानं उत्तरेच्या तीन फांद्या कैऱ्यांसकट छाटल्या. पार्बताबाई धावली तर लाथेनं तिचा माठ फोडला. पुंजाजी मध्ये पडला तेव्हा त्याला असा ढकलला, की त्याचा ओठ फाटून सदरा रक्तानं भिजला. पुंजाजी ओठ धरून खाली बसला आणि एवढंच म्हणाला, "जाऊ दे, पोट्टा हाये." तीस वर्षांचा पोट्टा! भावाच्या तिरडीला त्यानं खांदा दिला खरा, पण तेराव्याला मांडवातच तिला म्हणाला, "वयनी, करीच्या आत झाड पाड. नाई तं म्या तोडतो."

करीच्या आत, नाही तर तोडतो. एका वर्षाआड हेच शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकत तिचा जन्म गेला होता. ते खोटे असतात याची तिला सवय झाली होती.

"उठ पार्बते," नत्थुजी म्हणाला. "कुऱ्हाड आली अन् पदर नाई, असं कसं?"

"माह्या पदराचं काय जी आता?"

"झाडाले काय समजते कपाळ लाल का पांढरं? ऊठ!"

ती उठली. भगवंत जवळ आला होता. डोक्याला काही नव्हतं, तेही रीतीत बसत होतं. डोळे लाल होते, तेही. त्याच्यामागे धुऱ्यावरून इंदूबाई ओरडत धावत येत होती, पण मंडळींनी तोवर 'तोडा, तोडा' सुरू केलं होतं आणि तिचं ओरडणं त्या गलक्यात बुडालं. "पाह्यलं का, बायकोलेबी घेऊन आला तमाशाले," कुणीतरी म्हणालं.

"हटा! सारे हटा!" भगवंत गरजला. "आज हे झाड ठेवत नाई म्या!"

"वा रे पठ्ठे! पुंजाजीपेक्षा गळा मोठा हाये!"

"हसता काहून बे? म्या खरंच तोडून राह्यलो!"

"पुंजाजीबी असंच म्हने!" नत्थुजीनं टाळी दिली आणि हसण्याची मोठी लाट उठली.

भगवंतानं चहूकडे पाहिलं. घरून निघताना त्यानं मनाशी ठरवलं असेल, की लोक आडवे येतील, हात धरतील, शिव्या देतील. त्याची त्याला तयारी होती. पण ही माणसं पोळ्या मांडीवर घेऊन हसत होती. साळे हसत होते तशीच. त्यानं कुऱ्हाड दोन्ही हातांनी उचलली आणि पातं पुढं करून घातली. पांढरी ढलपी उडून नत्थुजीच्या मांडीवर पडली.

उलट्या कुऱ्हाडीचा आवाज आणि पात्याचा आवाज यांत फरक असतो. पार्बताबाईला तो कळला. तोवर ती पदर सोडून निघाली होती, पण थांबायला तिला वेळ नव्हता असं नाही. ती थांबली नाही. तिनं बुंध्याला मिठी घातली, पदर फिरवला आणि त्याचं टोक उजव्या हातानं सालीवर दाबून धरलं.

"नका तोडू," ती म्हणाली. दरवेळी हे लाडानं म्हणायचं असतं. आज आवाज चिरकला. "एका वर्षाची मुदत द्या."

"बाजूले हो वयनी."

"मुदत दे भगवंता."

"बाजूले हो म्हनतो ना तुले!"

आणि मागून कुणी दीडशहाणा ओरडला, "अरे हान तीन टोले, पोया सोडू दे! भुकेनं जीव चालला!"

पुन्हा सगळे हसले. ते हसणं चालू असतानाच दुसरा घाव पडला.

पार्बताबाई ओरडली नाही. पातं पदरासकट बुंध्यात रुतलं होतं आणि पदर झाडाला खिळल्यासारखा झाला होता. आपण मागं का सरकू शकत नाही हे तिला आधी कळेना. मग तिनं हाताकडं पाहिलं. अंगठा होता, करंगळी होती. मधली तीन बोटं खाली मुळांपाशी पडली होती. तिच्या हातातून रक्त सालीवरून ओघळत होतं आणि पहिल्या घावातून निघालेल्या चिकात मिसळत होतं.

"वयनी," भगवंत म्हणाला. चार वर्षांचा असताना म्हणायचा, तसाच. कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या हातातून सुटला.

मग धामणीची ती हसरी मंडळी उठली. मघाशी 'तोडा' म्हणणारे आता 'मारा' म्हणू लागले. आपलं हसू त्यांना कुठं तरी पुरायचं होतं, ते त्यांनी भगवंताच्या अंगात पुरलं. नत्थुजीची काठी त्याच्या तोंडावर बसली आणि दोन दात मातीत पडले. कुणी दगडानं त्याचा कान फाडला. कुणी विहिरीवरचा नाडा आणला. त्याला ओढत नेऊन त्याच बुंध्याच्या दुसऱ्या अंगाला बांधलं आणि बांधलेल्याला लाथा घातल्या. बरगडी मोडल्याचा आवाज बायकांपर्यंत आला. इंदूबाई एकेकाच्या पाया पडत होती, तिलाही दोन बसल्या. भगवंतानं एकदाही हात वर केला नाही.

"हाताले हात!" कुणी तरी म्हणालं, आणि ते सगळ्यांना पटलं. नत्थुजीच्या थोरल्या लेकानं बुंध्यात रुतलेली कुऱ्हाड हिसकून काढली. दोघांनी भगवंताचा उजवा हात ओढून सालीवर पसरून धरला. 'तोडा, तोडा' पुन्हा सुरू झालं. सूरही तोच होता.

कुऱ्हाड निघाली तशी पार्बताबाई मोकळी झाली होती. तुटका हात छातीशी धरून ती बुंध्याला वळसा घालून आली. लुगड्याचा फाटलेला पदर तिनं डाव्या हातानं ओढला, एक टोक दातांत धरलं आणि झाडाला वेढा घातला. या वेळी वेढ्यात झाडही होतं आणि भगवंतही.

"नका तोडू," ती दातांतलं टोक सोडून म्हणाली. "एका वर्षाची मुदत द्या."

आता कुणी हसलं नाही. पदर पडल्यावर कुऱ्हाड चालत नाही. साऱ्या धामणीत ती रीत आजवर एकानंच मोडली होती आणि तो समोर बांधलेला होता. नत्थुजीचा लेक कुऱ्हाड उगारून तसाच उभा राहिला. मग त्यानं दांडा हातात फिरवला, पात्याच्या उलट बाजूनं बुंध्यावर तीन टोले हाणले आणि कुऱ्हाड मातीत रोवली. पोळ्या मात्र कुणी सोडल्या नाहीत.

आता ही बाई दिराला वाचवणार, असं गावानं धरून ठेवलं. इंदूबाईनंही. ती उमरावतीच्या दवाखान्यात आली आणि खाटेच्या पायथ्याशी डोकं ठेवून रडली.

"वयनी, एक शब्द बोला फक्त. कुऱ्हाड निसटली म्हना."

"कुऱ्हाड निसटली नाई इंदू."

"मंग त्या दिवशी त्यायले काहून वाचवलं?"

"मुदत देल्ली," पार्बताबाई म्हणाली. "माफी नाई देल्ली."

कोर्टात तिनं पट्टी सोडून हात दाखवला. कुणी मारलं, तर भगवंतानं. जाणूनबुजून, तर व्हय. खाली उतरायच्या आधी ती थांबली. "पन आमी हसलो साहेब. तेबी लिवा." साहेबांनी चष्म्यातून पाहिलं. हसणं हा गुन्हा नसल्यामुळे ते कागदावर आलं नाही. भगवंताला चार वर्षं सक्तमजुरी झाली.

पुढच्या वर्षी आंबा असा फळला, की टेकू द्यावे लागले. झाडानं रक्त प्यायलं, असं लोक म्हणू लागले. लोकांना काय, झाडाची पाळी होती! पार्बताबाईनं उतरलेल्या आंब्यांतले निम्मे इंदूबाईच्या उंबऱ्यावर ठेवले. इंदूबाईनं ते शेळ्यांपुढं ओतले. दुसऱ्या दिवशी पार्बताबाईनं पुन्हा टोपली ठेवली. आठवडाभर शेळ्यांची चंगळ झाली. मग एके दिवशी टोपली रिकामी होऊन तिच्या दारात परत आली. आत शेळीच्या तोंडची नव्हे, माणसानं चोखलेली एक कोय चुकून राहिली होती. त्यानंतर दोघी बोलू लागल्या, म्हणजे कामापुरतं. सावलीतली अठरा कलमं उपटून तिथं हळद लाव, असं पार्बताबाईनं सांगितलं. हळदीला अशी सावली मानवते. हे कलमं लावतानाच कुणीही सांगितलं असतं, पण भगवंतानं कुणाला विचारलंच नव्हतं.

त्या हातानिशी तिला हळूहळू सगळं येऊ लागलं. खुरपं डाव्यानं, तराजू डाव्यानं. मेथीच्या जुड्या ती अंगठा आणि करंगळीत धरून दातांनी बांधायची. परतवाड्याच्या बाजारात नवं गिऱ्हाईक हाताकडं पाहत राहिलं तर म्हणायची, "भाजी पाह्य, हात काय पाह्यतं?" दोनच गोष्टी तिला शेवटपर्यंत जमल्या नाहीत. अंबाडा घालणं आणि आंबा मऊ करणं. अंबाड्याचं तिला फारसं वाटत नव्हतं.

एकोणसाठच्या करीला झाड पुन्हा कोरं होतं. कुणी आलं नाही. त्या गावात कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभं राहायची कुणाची छाती उरली नव्हती. पार्बताबाईनं एकटीनं मुळांना पाणी घातलं आणि घरी गेली. साठ साली धाक न घालताच मोहर आला.

त्या साठच्या ज्येष्ठात, कावळा चोच उघडून बसावा अशा उन्हात, शिक्षेत सूट मिळून सुटलेला भगवंत परतवाड्याहून पायी आला. आंब्याखाली पार्बताबाई टोपल्या मांडून बसली होती. दोन गाडीवान पडले होते, बाजाराहून परतणाऱ्या बाया विसावल्या होत्या. तो झाडाच्या पूर्वेला, सावली जिथं संपते तिथं, चार हात बाहेर उन्हात येऊन उभा राहिला. दाढी पांढरी झाली होती. एक कान अर्धा होता. गाडीवान उठून बसले.

"सावलीत ये," पार्बताबाई म्हणाली.

"नको. इथंच बरा हाये."

"ऊन हाये."

"असू दे."

तिनं आग्रह केला नाही. आंबे निवडत राहिली. दुपार कलू लागली तशी सावली पूर्वेकडं सरकू लागली. ती त्याच्या अंगठ्याला लागली तेव्हा तो एक पाऊल मागं झाला. थोड्या वेळानं ती पुन्हा पोचली, तो पुन्हा मागं झाला. धुरा तिथं वळत होता आणि मागं त्याचीच हळद होती. इंदूबाईनं नुकतीच लावलेली, कोंब वर आलेली. तिच्यावर पाय द्यावा लागला असता. तिसऱ्यांदा सावली आली तेव्हा तो हलला नाही. ती पायांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून छातीवर चढली. मग तो होता तिथंच उकिडवा बसला.

पार्बताबाई उठली आणि एक पाडाचा आंबा त्याच्यापुढं ठेवून आपणही खाली बसली.

बराच वेळ त्यानं आंब्याला हात लावला नाही. मग उचलला. दोन्ही हातांत धरून बोटांनी चहूकडून हळूहळू दाबू लागला. घाई केली नाही, साल फुटू दिली नाही. देठ काढला. पहिला चीक जमिनीवर सांडला आणि मान वर न करता आंबा तिच्यापुढं धरला.

पार्बताबाई त्या आंब्याकडं पाहत राहिली. डोळे भरून आले ते तिनं पुसले नाहीत. मग तिनं उजवा हात पुढं केला. अंगठा आणि करंगळीत आंबा बसेना, घसरू लागला, म्हणून ती खाऊन होईपर्यंत भगवंतानं खालून हात तसाच धरून ठेवला.